नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधीचे काय करावे?

बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली वाळूजला सुरू झाला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील तरुणांसाठी महिन्याच्या पगाराची वाट खुली झाली. आज वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींवर आपल्यापैकी अनेकांची घरे चालतात. पूर्वी माणूस एकाच कारखान्यात लागून तेथूनच निवृत्त होई. आता तीन-चार वर्षांत नोकरी बदलते. कंत्राटी कामगाराचा तर ठेकेदारच बदलतो. अशा वेळी मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला असतो, "आधी पीएफ काढून घे!" हा सल्ला कितपत हिताचा, हे प्रत्येकाने समजून घेणे आवश्यक आहे.

1952 च्या कायद्याने ही योजना सुरू झाली. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये असतील, तर 12 टक्क्यांप्रमाणे 1,800 रुपये कामगाराचे कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. मालकाच्या रकमेतील 1,250 रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात व उरलेले 550 भविष्य निधीत. म्हणजे निधीत दरमहा 2,350 रुपये पडतात. तीन वर्षांत व्याजासह ही रक्कम सुमारे 95,000 होते. अठ्ठाविसाव्या वर्षी ती काढली तर एखादी मोटारसायकल येईल. तीच रक्कम 8 टक्के दराने 58 व्या वर्षापर्यंत राहू दिली, तर सुमारे साडेनऊ लाख होईल. व्याजदर दरवर्षी जाहीर होतो. 2024-25 साठी तो 8.25 टक्के होता.

परंतु खरे नुकसान पैशाचे नाही, वर्षांचे आहे. 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. समजा, एखाद्याने तीन ठिकाणी चार-चार वर्षे काम केले आणि पहिल्या दोन्ही वेळी पेन्शनचे पैसेही काढून घेतले. त्याने घाम गाळला बारा वर्षे, पण हिशेबात उरली चारच! त्याला पेन्शन नाही. तीच बारा वर्षे जोडली असती तर हक्क सिद्ध झाला असता. 15,000 पगारावर 10 वर्षांच्या सेवेचे पेन्शन दरमहा सुमारे 2,143 रुपये बसते. रक्कम मोठी नाही, पण म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागू नये यासाठी तिचे मोल मोठे आहे.

आयकराचेही तसेच. सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी निधी काढल्यास त्यावर कर लागू शकतो. खाते पुढे नेले असेल तर आधीच्या नोकरीची वर्षेही यात धरली जातात.

म्हणून नोकरी बदलताना खाते नव्या ठिकाणी वर्ग करावे. 2014 पासून प्रत्येक सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो, त्याला यूएएन म्हणतात. नव्या मालकाला किंवा ठेकेदाराला तोच क्रमांक द्यावा, दुसरा काढू देऊ नये. आधार, पॅन व बँक खाते त्याला जोडून घ्यावे. नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे ना, हे पाहावे. निम्मी प्रकरणे नव्हेत, पण पुष्कळशी येथेच अडतात. जुनी नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली आहे याची खात्री करावी. 2025 पासून बऱ्याच प्रकरणांत खाते वर्ग करण्यास मालकाच्या शिफारशीची गरज राहिलेली नाही.

मागच्या महिन्याचा भरणा 15 तारखेपर्यंत व्हावा असा नियम आहे. तो झाला की नाही, हे पासबुकात अधूनमधून पाहावे. वारसाची नोंदही अवश्य करावी, कारण सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला निधीसोबत 7 लाखांपर्यंत विमा मिळू शकतो.

आजारपण, लग्न, घर किंवा शिक्षण यांसारखी अडचण आलीच, तर खाते बंद न करता काही रक्कम काढण्याची सोय आहे. गरजेला पैसे काढण्यात गैर काही नाही. सवयीने खाते रिकामे करणे मात्र टाळावे.

आपल्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आईवडिलांचा यूएएन विचारा आणि मोबाइलवर त्यांचे पासबुक उघडून दाखवा. त्यांच्या कष्टाची किती वर्षे तेथे नोंदली आहेत, हे त्यांना प्रथमच कळेल.