गेटवेवरचं साल वाचता येतं का?

गेटवे ऑफ इंडियाला गेलात की कमानीवरचा लेख नक्की बघा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात उतरले ती तारीख तिथे आहे, 2 डिसेंबर. पुढे सालाच्या जागी फक्त अक्षरं: एम-सी-एम-एक्स-आय. हे रोमन अंक!

अक्षरं सातच. आय 1, व्ही 5, एक्स 10, एल 50, सी 100, डी 500, एम 1000.

वाचायचं डावीकडून. मोठ्यानंतर लहान आलं तर बेरीज, मोठ्याच्या आधी लहान आलं तर वजाबाकी. आता गेटवेचं साल फोडू:
👉 एम = 1000
👉 सी-एम = 1000 − 100 = 900
👉 एक्स-आय = 10 + 1 = 11
एकूण 1911!

लिहिताना एवढं सांभाळा:
✅ आय, एक्स, सी, एम सलग जास्तीत जास्त तीनदाच.
✅ व्ही, एल, डी लागोपाठ दोनदा कधीच नाही.
✅ आय फक्त व्ही आणि एक्समधून वजा होतो, एक्स फक्त एल आणि सीमधून, सी फक्त डी आणि एममधून. म्हणून 49 म्हणजे आय-एल नव्हे, तर एक्स-एल-आय-एक्स.

घड्याळं मात्र अपवाद. अनेक तबकड्यांवर 4 साठी चार आय उभे दिसतात. ही जुनी पद्धतही रोमन काळापासून चालत आलेली आहे.

आता महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचं साल, 1960, स्वतः लिहून बघा. एम-सी-एम-एल-एक्स आलं? मग तुम्हाला रोमन अंक जमले! 😊