घाट उतरतांना तान्हें मूल

सातपुड्यांतील तोरणमाळ समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरांहून अधिक उंच आहे. तेथून शहाद्याकडे मोटारीनें घाट उतरतांना शांत निजलेलें तान्हें मूल कधीं कधीं एकाएकीं रडूं लागतें व आई बावरते. याचें कारण पुष्कळदां कानांत असतें.

कानाच्या पडद्यामागील पोकळी एका बारीक नळीनें घशाशीं जोडलेली असते. चढतांना आंतील हवा सहज बाहेर पडते. उतरतांना बाहेरचा दाब वाढतो, पण हवा आंत शिरण्यास ती नळी उघडावी लागते. आणि ती उघडते गिळण्यानें. मोठीं माणसें आवंढा गिळतात. तान्ह्यास तें कोठून कळणार? म्हणून त्यास दूध पाजावें. विमान उतरतांनाही हाच उपाय करतात.

मात्र चालत्या मोटारींत मूल मांडीवर घेऊं नये. गाडी अकस्मात् थांबल्यास घट्ट धरलेलें मूलही हातांतून सुटतें. त्याची जागा मागें तोंड असलेल्या बालआसनांत. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यांत चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें वा बालआसनांत सुरक्षित न बसविल्यास 1,000 रुपये दंड सांगितला आहे.

मग पाजावें केव्हां? अर्ध्या उतारावर, वळण सोडून रुंद जागीं मोटार उभी करावी. पुन्हां पायथ्याशीं थांबावें. हा उशीर प्रवासांतच धरून घरून तितकें लवकर निघावें.