अंधवर्धशोथावरील उदरदर्शकीय शस्त्रक्रिया

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) भित्तीतील दुर्बल जागांमधून आतील अस्तर बाहेर ढकलले जाऊन ज्या लहान पिशव्या बनतात, त्यांना अंधवर्ध आणि त्यांच्या दाहयुक्त सुजेला अंधवर्धशोथ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत ही विकृती मुख्यत्वे आतड्याच्या डाव्या बाजूच्या, अवग्रहाच्या (ऽ) आकाराच्या भागात आढळते. आशियाई लोकांत उजव्या भागातील अंधवर्धांचे प्रमाण तुलनेने अधिक असते.

बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. दोन वेळा विकार उद्‌भवल्यास आतडे कापावे, हा जुना दंडक आता पाळला जात नाही. सततची वेदना, आतडे अरुंद होणे किंवा आतडे व मूत्राशय यांच्यात नालव्रण (अनैसर्गिक मार्ग) होणे, ही नियोजित शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत.

उदरदर्शकाच्या साहाय्याने आतडे छेदण्याचे पहिले वृत्तांत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून लहान छेदांतून दुर्बीण व हत्यारे आत घालतात. डावी मूत्रवाहिनी सांभाळून विकारग्रस्त भाग सुटा करतात व काही सेंमी. लांबीच्या छेदातून बाहेर काढतात. सर्व अंधवर्ध काढणे आवश्यक नसते. मात्र खालचा छेद गुदाशयाच्या वरच्या भागात घ्यावा लागतो, अन्यथा विकार पुन्हा उद्‌भवण्याचा संभव वाढतो. शेवटी दोन्ही टोके जोडतात.

नेदर्लंड्‌समध्ये १०४ रुग्णांवर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत गंभीर उपद्रवांचे प्रमाण उदरदर्शकीय गटात ९·६ टक्के, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात २५ टक्के आढळले. वेदना कमी होत्या व रुग्णालयातील वास्तव्यही घटले. परंतु शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागला आणि सु. १९ टक्के रुग्णांत अखेर पोट उघडावे लागले. सांध्यातून गळती होणे हा सर्वांत भयावह उपद्रव होय. लहान छेदांमुळे तो टळत नाही.

आतडे फुटून पर्युदरशोथ (उदराच्या आतील अस्तराची दाहयुक्त सूज) झाल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. आंरी आर्तमान या फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञांनी १९२१ मध्ये कर्करोगासाठी वर्णिलेली, पोटावर कृत्रिम मलद्वार ठेवण्याची पद्धत अशा वेळी दीर्घकाळ वापरात आहे. पुष्कळ रुग्णांत हे मलद्वार पुढे कधीच बंद करता येत नाही. ते टाळण्यासाठी पुवाचा पर्युदरशोथ असलेल्या रुग्णांत आतडे न कापता उदरदर्शकाद्वारे पोट केवळ धुण्याचा उपाय पुढे आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन चाचणीत मात्र अशा रुग्णांपैकी सु. २० टक्क्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आतडे कापलेल्यांत हे प्रमाण सु. ६ टक्के होते. म्हणून शस्त्रक्रियेची निवड छेदाच्या आकारावरून न करता विकाराची अवस्था, रुग्णाची प्रकृती व शस्त्रक्रियातज्ञाचा अनुभव यांवरून करणे इष्ट ठरते.