वसतिगृहातील हेमंत : विद्यार्थ्यांची ऋतुचर्या

मार्गशीर्ष लागला की आमच्या चिकित्सालयांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. तक्रारी ठरलेल्या असतात : उठताच शिंका, चोंदलेले नाक, जड डोके, घशाची खवखव, फुटलेले ओठ व टाचा. यांतील पुष्कळ विद्यार्थी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारे असतात. सितोपलादी चूर्ण दिले की चार दिवस उपशय मिळतो आणि पंधरवड्याने तोच विद्यार्थी तीच लक्षणे घेऊन दारात उभा राहतो. हेतू कायम ठेवून लक्षणांची चिकित्सा केल्यास असे होणे अटळ आहे. म्हणून प्रस्तुत लेखात औषधयोगांपेक्षा त्या हेतूंचा, आणि वसतिगृहात खरोखर पाळता येईल अशा ऋतुचर्येचा विचार आम्ही करीत आहोत.

देश आणि काल

पुणे व नाशिक ही विद्यार्थ्यांची शहरे दख्खनच्या पठारावर वसलेली आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात हिवाळ्यात हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते. त्यामुळे दुपारी ३० अंशांच्या आसपास असलेले तापमान पहाटे १० ते १२ अंशांवर, काही दिवशी त्याहूनही खाली येते; निफाड परिसरात तर ते याहून बरेच उतरते. कोकणातून आलेल्या विद्यार्थ्याला हा चढउतार सर्वस्वी अपरिचित असतो, कारण किनाऱ्यावर समुद्राच्या सान्निध्यामुळे रात्री फारशा थंडावत नाहीत. त्यातच मध्येच ढग दाटून येतात, थंडी पळते, आणि आभाळ मोकळे होताच पुन्हा कडाका पडतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसासह गारपीट झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. थंडीपेक्षाही हे ऋतुवैषम्य अधिक बाधते.

प्रबळ अग्नी, रिकामे ताट

हेमंतात बाह्य शीतामुळे शरीरातील ऊष्मा आत कोंडला जातो व जाठराग्नी बलवान होतो. रात्री मोठ्या असल्याने सकाळीच भूक लागते, असे वाग्भटाचार्यांनी ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्याध्यायात स्पष्ट सांगितले आहे. या अग्नीस पुरेसे इंधन न मिळाल्यास तो वायूने प्रेरित होऊन धातूंचेच पचन करू लागतो.

आता विद्यार्थ्याचा दिवस पाहावा. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी सातच्या तासिकेची घाई, पोटात केवळ चहा आणि पहिले जेवण दुपारी एक वाजता. वर्षातील सर्वांत प्रबळ अग्नी असलेल्या काळात सकाळचा आहारच वर्ज्य! रूक्ष त्वचा, अंगदुखी, बलहानी व वारंवार होणारा प्रतिश्याय यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. घरून आलेला दिंकाच्या लाडवांचा डबा पहिल्या दोन दिवसांत मित्रमंडळीत संपतो आणि पुढचे दोन महिने चहा-बिस्किटांवर निघतात.

बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, उडीद, तूप, लोणी हा आपल्या लोकाहार हेमंतचर्येशी तंतोतंत जुळतो. भोगीची मिश्र भाजी व तीळ लावलेली भाकरी हे त्याचेच रूप होय. खानावळीत हे सर्व मिळणार नाही. परंतु तुपाची एक बाटली, शेंगदाणे, गूळ व खजूर खोलीत ठेवणे कोणासही जमते. रात्रीच्या जेवणातील एक पोळी राखून सकाळी तूप-गुळासह खाल्ली, तरी रिकाम्या पोटी बाहेर पडण्याहून ते कितीतरी हितकर. च्यवनप्राश जरूर द्यावा. मात्र तो न्याहारीचा पर्याय नव्हे, हे बजावून सांगावे. ज्यांचा अग्नी मुळातच मंद आहे किंवा ज्यांना कफाचा त्रास आहे, त्यांना स्निग्ध व गुरू आहार बेतानेच सुचवावा.

प्रतिश्यायाचे हेतू

चरकाचार्यांनी त्रिमर्मीय चिकित्साध्यायात प्रतिश्यायाचे हेतू दिले आहेत. वेगधारण, अजीर्ण, धूळ, अतिभाषण, ऋतुवैषम्य, जागरण, अतिनिद्रा, शीत जल, दव, धूर ही त्यांतील काही नावे वाचली तरी वसतिगृहाची दिनचर्याच डोळ्यांसमोर उभी राहते. पहाटेच्या दवात कान उघडे ठेवून दुचाकी चालवणे, दुपारी घामाघूम होऊन बर्फाचे पेय घेणे, रात्री अकरापर्यंत पातळ सदऱ्यात कट्ट्यावर बसणे आणि परीक्षेपुरते जागून सुट्टीत दुपारपर्यंत झोपणे, हे सर्व हेतू एकाच आठवड्यात घडतात.

आचरणीय चर्या

रोज सर्वांगाला अभ्यंग करण्याचा सल्ला बहुधा कागदावरच राहतो. त्याऐवजी रविवारी तिळाच्या तेलाने सर्वांगास अभ्यंग आणि इतर दिवशी निजताना तळपायांस तेल, एवढे सांगितले तर ते पाळले जाते. ज्वर, अजीर्ण व कफाधिक्य असताना अभ्यंग टाळावा. निरोगी अवस्थेत अणुतैलाचे दोन-दोन थेंब प्रतिमर्श नस्य म्हणून उपयुक्त ठरतात. नव्या सर्दीत मात्र ते देऊ नये. स्नानास ऊन पाणी घ्यावे, पण डोक्यावर कढत पाणी ओतू नये. सकाळी कान व छाती झाकावी, दुपारी वस्त्रे कमी करावीत. मात्र स्वेटर पिशवीत असावा, कारण परतताना सूर्य मावळलेला असतो.

एका धोक्याची सूचना आवर्जून द्यावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजणे किंवा वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर वापरणे प्राणघातक ठरू शकते. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास असतो, ना रंग. पाणी तापविण्याचा विजेचा रॉड बंद करून, प्लग काढल्याखेरीज पाण्यात हात घालू नये.

ऋतुसंधी

सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस म्हणजे ऋतुसंधी. या काळात जुनी चर्या क्रमाने सोडावी व नवी क्रमाने स्वीकारावी. शिशिरात थंडीला रूक्षतेची जोड मिळते, म्हणून हेमंतचर्याच अधिक काटेकोरपणे पाळावी. पुढे वसंतात सूर्याच्या उष्णतेने संचित कफ पातळ होतो व अग्नी मंदावतो. तेव्हा तेच लाडू, तेच तूप व दुपारची झोप अपायकारक ठरतात. दुपारी ऊन तापू लागताच पंखा पूर्ण वेगाने लावून त्याखाली निजणे, हाही संधिकाळातील नित्याचा अपचार आहे.

वैद्यांचे कर्तव्य

प्रत्येक खोकला ऋतूच्या माथी मारून चालणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. तीन दिवसांहून अधिक टिकणारा तीव्र ज्वर, थुंकीत रक्त किंवा श्वासकष्ट असल्यास रुग्णास विनाविलंब पुढील तपासणीसाठी पाठवावे. दम्याच्या विद्यार्थ्याचे चालू औषध थंडीच्या तोंडावर परस्पर बंद करू नये.

घरापासून दूर असलेल्या या मुलांना ‘जेवलास का?’ असे विचारणारे कोणी जवळ नसते. औषधपत्र लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न आपण विचारावेत : सकाळी काय खातोस, किती वाजता निजतोस आणि बाहेर पडताना अंगावर काय असते? या तिन्ही उत्तरांत पालट घडवता आला, तर पौषात तो विद्यार्थी पुन्हा औषधासाठी येण्याची गरज बहुधा उरणार नाही. आपल्या शास्त्राला अभिप्रेत असलेले स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण ते हेच, अशी आमची धारणा आहे.