हायलाइट्समध्ये छेद कुठे असतो?

गेल्या महिन्यात माझ्या पीएच.डी.शी काडीचाही संबंध नसलेलं एक काम अंगावर आलं, आणि नेमकं तेच बरंच शिकवून गेलं. तुमच्यापैकी कुणी सेट-नेटच्या तयारीत असाल, कुणी पेटच्या. संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी ‘नमुना निवड’ पाठ करत असाल. ते प्रकरण आज व्हॉलीबॉलवरून सांगते.

माझा मामा न्यू जर्सीत असतो. त्याची मुलगी अकरावीत आहे, क्लबकडून व्हॉलीबॉल खेळते. डावीकडची अटॅकर, आपल्याकडच्या भाषेत स्मॅशर. तिला कॉलेजच्या संघात जायचंय आणि त्यासाठी तिथे खेळाडू आपला व्हिडिओ बनवून प्रशिक्षकांना पाठवतात. असे व्हिडिओ पैसे घेऊन बनवून देणारेही आहेत. पण मामाला आठवलं, कोल्हापुरातली भाची व्हिडिओ एडिट करते. (डिपार्टमेंटच्या सेमिनारची दोन रेकॉर्डिंग कापली होती, एवढीच माझी ख्याती.)

मुळात व्हिडिओ कशाला? आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धा होतात, निवड चाचणीला तुम्ही मैदानावर उभे राहता आणि निवड समिती समोर बसलेली असते. कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश हवा तर फाईलमध्ये प्रमाणपत्रं लागतात. तिकडे एनसीएए या एकाच संघटनेत हजारावर कॉलेजं आहेत. शिवाय १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी आली आणि मुलींचे कॉलेज संघ झपाट्याने वाढले. प्रत्येक मुलीला प्रत्यक्ष बघायला प्रशिक्षक कुठकुठे जाणार? म्हणून आधी व्हिडिओ.

मामाने ड्राइव्हवर अकरा सामने टाकले. मी दोन रात्री जागून चार मिनिटांचा व्हिडिओ केला. स्मॅश, स्मॅश, एस, ब्लॉक, परत स्मॅश. मागे ढोल-ताशाचा ठेका. मामा खूश. “लई भारी झालंय गं,” म्हणाला. तीस वर्षं झाली तिकडे जाऊन, पण आनंद झाला की माणूस करवीर तालुक्यात परत येतो.

व्हिडिओ वीसेक ठिकाणी गेला. एकाच प्रशिक्षकाचं उत्तर आलं, तेही एका ओळीचं: एखादा पूर्ण सेट, न कापलेला, पाठवता येईल का?

इथे तुम्ही थांबून विचार करा. तो माणूस काय मागत होता?

व्हॉलीबॉलमध्ये अटॅकरची कार्यक्षमता काढायचं सूत्र साधं आहे. थेट गुण मिळवणारे अटॅक वजा चुका, भागिले एकूण अटॅक. बहिणीच्या एका सामन्यात मी बसून मोजलं. एकूण अटॅक ३०, गुण १२, चुका ५. म्हणजे (१२ − ५) ÷ ३० = ०.२३३. उरलेले १३ समोरच्यांनी उचलले आणि खेळ पुढे चालू राहिला. माझ्या व्हिडिओत त्यातले फक्त १२ होते. तिथे छेदही १२, चुका शून्य, उत्तर १. जगात असा अटॅकर नाही. प्रशिक्षकाला ते माहीत असतंच. त्याला अंश दिसला होता, तो छेद मागत होता.

मला हे वाचून थोडं ओशाळल्यासारखं झालं, कारण नेमकं हेच मी लॅबमध्ये करत आले होते. मी वायू ओळखणाऱ्या पातळ फिल्म बनवते. फिल्मच्या पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो काढायचे असतात. आपण वीस काढतो, त्यातला सर्वांत देखणा पेपरात लावतो आणि खाली लिहितो ‘प्रातिनिधिक प्रतिमा’. प्रातिनिधिक कसली, ती सुंदर निवडक! उरलेले एकोणीस पेन ड्राइव्हमध्ये राहतात. रॉबर्ट रोझेंथल या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये याच्याच मोठ्या भावंडाला नाव दिलं: फाइल ड्रॉवरची अडचण. अपेक्षित निकाल देणारे प्रयोग छापले जातात, बाकीचे खणात पडून राहतात, आणि छापलेलंच वाचणाऱ्याला वाटतं की गोष्ट नेहमीच जमते.

आता हायलाइट्स म्हणजे फसवणूक का? नाही, असं मला वाटतं. ते आमंत्रण असतं, ‘मला बघा’ म्हणण्यापुरतं, आणि बघणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. घोळ होतो तो आमंत्रणालाच पुरावा म्हणून खपवताना.

पूर्ण सेट शोधायला बसले तेव्हा दुसरी अडचण कळली. मामाने बहुतेक सामने बाजूच्या बाकावरून, लेकीवर झूम करून काढलेले. बाप आहे, करणारच. पण कोर्ट १८ बाय ९ मीटरचं. झूममध्ये ती उडी मारताना दिसते. पास कसा आला, लिफ्टरने चेंडू कुठे दिला, समोर ब्लॉक एकीचा की दोघींचा, काहीच दिसत नाही. कॅमेरा हवा शेवटच्या रेषेच्या मागे, उंचावर, स्टँडवर, सगळं कोर्ट चौकटीत. क्लिप सर्व्हिसपासून सुरू व्हावी आणि चेंडू मरेपर्यंत चालावी, कारण चेंडू जवळ नसताना मुलगी काय करते हेही बघायचं असतं. सुरुवातीला नाव, जर्सी नंबर, उंची, जागा, बारावी पूर्ण होण्याचं वर्ष. प्रत्येक क्लिपच्या आधी तिच्याभोवती एक गोल, नाहीतर बारा जणींत शोधत बसायचं. आणि संगीत नको. (ढोल-ताशा गेला. वाईट वाटलं.)

अकरापैकी दोनच सामने नीट मागून काढलेले होते. त्यातल्या चांगल्या सेटमध्ये बहिणीचे सर्व्हिस घेताना सलग तीन पास फुटतात. मामा म्हणाला, “हा नको पाठवूस, दुसऱ्या सामन्यातला पाठव.” त्यात ती कमी खेळली होती, त्यामुळे चुकाही कमी. मी गप्प बसले. व्हिडिओ कॉलवर ती मागून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “ताई, हाच पाठव. तीन नंतर मी काय केला, ते पण आहे ना त्याच्यात.”

मी परत बघितलं. तिसरा पास फुटल्यावर ती शेजारच्या लिबेरोशी दोन शब्द बोलते, अर्धं पाऊल मागे सरकते आणि चौथी सर्व्हिस थेट लिफ्टरच्या हातात देते. हायलाइट्ससाठी मी हा पास बघितलाही नव्हता, कारण त्यावर गुण दुसऱ्याच मुलीने मिळवला होता.

सेट गेला. प्रशिक्षकाने कॉलवर तिला त्या अर्ध्या पावलाबद्दलच विचारलं म्हणे. कॉलेज डिव्हिजन तीनचं आहे, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते. मामाचा चेहरा पडला. अजून काही ठरलेलं नाही.

माझ्याकडे एक बदल झाला. निवडीचा नियम आता फोटो काढायच्या आधी वहीत लिहिते: प्रत्येक फिल्मवर पाच जागा, मध्य आणि चार कोपरे, सगळीकडे वर्धन एकच. पाचही फोटो प्रबंधाच्या परिशिष्टात जाणार, कोपऱ्याला तडा असला तरी. पहिल्याच फिल्मच्या दोन कोपऱ्यांना तडे निघाले. गाईडना दाखवले तर ते म्हणाले, “मग वायूला प्रतिसाद चांगला कुठून येतोय, तड्यांतून की मधल्या भागातून?” वर्षभरात हा प्रश्न मला पडला नव्हता.

बुधवारी सूक्ष्मदर्शकाचा स्लॉट मिळालाय. तडा नसलेली आणि असलेली, दोन्ही फिल्म घेऊन जातेय.