पट्टी तीच, लय निम्मी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाणं शिकणाऱ्याची एक जुनी तक्रार आहे. तान सुरू कधी झाली आणि समेवर येऊन पडली कधी, हे कळतच नाही. तक्रार खोटी नाही. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरा, म्हणजे सेकंदाला ४. प्रत्येक मात्रेत दोनच स्वर घेतले तरी एका सेकंदात ८ स्वर झाले. तयार कानाला ते सुटे ऐकू येतात. नवख्याला मात्र कुणी एक रेघ ओढल्यासारखं वाटतं आणि त्या रेघेचं पहिलं आणि शेवटचं टोक तेवढं हाती लागतं.

यावरचा आपल्याकडचा उपाय म्हणजे गुरूसमोर हात जोडून, ‘पुन्हा एकदा, जरा सावकाश’ असं म्हणायचं. चांगले गुरू म्हणून दाखवतातही. पण यात एक बारीक गोम आहे. जलद तान माणूस मुद्दाम सावकाश गायला लागला की ती तीच तान राहत नाही. वेगात गळ्यातून आपसूक निघणारे कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराकडे जाता जाता शेजारच्या स्वराला झालेला ओझरता स्पर्श, ते सगळे गळून पडतात. उरते ती सरगमीसारखी सरळ तान. शिष्याला मिळतो तो तानेचा सांगाडा.

आणि गुरू हयातच नसतील तर? आमच्या मिरजेत हा प्रश्न फार जवळचा आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले आणि इथल्याच ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं, मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावून जातात. पण खाँसाहेबांचं स्वतःचं गाणं आज ऐकायचं तर ते तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. ‘जरा सावकाश’ असं त्या तबकडीला कसं सांगायचं?

तबकडीचा वेग कमी करता यायचाच. १९५०-६० च्या काळातल्या कित्येक रेकॉर्ड प्लेअरवर १६, ३३, ४५ आणि ७८ असे चार वेग असत. मिनिटाला ३३ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १६ वर लावली की गाणं निम्म्या लयीत वाजे. अमेरिकेतले जाझ वाजवणारे तरुण चार्ली पार्करची सॅक्सोफोनवरची झपाट्याची वळणं अशीच उतरवून घेत. पण लयीबरोबर पट्टीही खाली येते. वेग निम्मा झाला की कंपनंही निम्मी होतात आणि मध्य सप्तकातलं गाणं बरोबर एक सप्तक खाली, खर्जात जातं.

माझ्या वयाच्या लोकांनी हे भौतिकशास्त्र शाळेत नव्हे, टेपरेकॉर्डरवर शिकलेलं आहे. सेल उतरायला लागले की कॅसेट रेंगाळायची आणि गायिकेचा आवाज हळूहळू गायकाचा व्हायचा. मग सेल काढून उन्हात ठेवायचे.

लय उतरावी पण पट्टी हलू नये, हे टेपरेकॉर्डरला जमत नव्हतं. संगणकाला जमतं. कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

संगणकाच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची लांबच लांब माळ. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मोजमापं असतात. समजा गायिकेचा षड्ज पांढरी सहाचा, सेकंदाला २२० कंपनांचा आहे. माळ नुसती ताणली तर कंपनं ११० होतील, म्हणजे पुन्हा तेच, सेल उतरलेले. म्हणून संगणक माळ ताणत नाही. तो तिचे तुकडे करतो, समजा सेकंदाच्या विसाव्या भागाचा एक तुकडा. त्या एवढ्याशा तुकड्यातही षड्जाची ११ कंपनं शाबूत असतात, म्हणजे सूर तोच राहतो. आता हे तुकडे मण्यांसारखे पुन्हा ओवायचे, पण प्रत्येक मणी दोनदा ओवायचा. माळ दुप्पट लांब झाली, मणी मात्र आहे तेवढाच. सांधे ऐकू येऊ नयेत म्हणून एका तुकड्याची कड दुसऱ्यावर चढवतात, गोधडी शिवताना चढवतात तशी, आणि लाटेशी लाट जुळेल अशी जागा शोधून मगच टाका घालतात.

आवाजाचे असे कण करता येतील हा विचार हंगेरीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या डेनिस गाबोर या शास्त्रज्ञानं १९४६ मध्येच मांडला होता. (त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं ते मात्र होलोग्राफीसाठी.) दुसरी एक रीत १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतून आली. फ्लॅनगन आणि गोल्डन या दोघांनी आवाजाचे तुकडे न शिवता त्यातली वेगवेगळी कंपनं सुटी करून, ती पुन्हा हव्या त्या गतीनं जुळवण्याची पद्धत दाखवली. त्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोनवरचं बोलणं होतं. तानांचा तिथे काही संबंध नव्हता.

घरातल्या संगणकावर हे सहज आलं ते २००० च्या आसपास. ‘ऑडॅसिटी’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आजही ते फुकटच आहे. त्याच्या ‘इफेक्ट’ या यादीत तीन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. ‘टेम्पो’ बदलला तर लय बदलते, पट्टी नाही. ‘पिच’ बदलला तर पट्टी बदलते, लय नाही. आणि ‘स्पीड’ बदलला तर दोन्ही बदलतात, जुन्या टेपसारखी. रियाजासाठी टेम्पो. तिथे वजा ४० लिहिलं की ६ सेकंदांची तान १० सेकंदांची होते.

संगणकाची ही किमया सगळ्या वाद्यांना सारखी मानवत नाही. गळा, सारंगी, व्हायोलिन, बासरी यांचा आवाज सलग असतो, तिथे मणी दोनदा ओवला तरी चालतो. तबल्याचं तसं नाही. ‘धा’ ची थाप एका क्षणात पडते. तो क्षणच दोनदा ओवला गेला तर ‘धधा’ असं तोतरं ऐकू येतं. दुसऱ्या रीतीनं केलं तर थापेची धार जाते आणि ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखा आवाज येतो. गळ्याचंही निम्म्याखाली गेलात तर पाण्याखालून आल्यासारखं होतं. माझ्या अनुभवात ६० ते ७५ टक्के ही जागा चांगली. त्याखाली ऐकू येतं त्यातलं गायकाचं किती आणि संगणकाचं किती, याची खात्री राहत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट. मी गझला लिहितो, आणि वृत्त मोजून मोजून कान जरा लयीला बांधला गेला म्हणून तरुणपणी आमच्या मोहल्ल्यातल्या एका उस्तादांकडे काही वर्षं गाणं शिकलो. उस्तादांची ना तबकडी निघाली ना कॅसेट. त्यांचा यंत्रावर राग होता. ‘डब्यात ठेवलेलं डब्यातच राहतं, मियाँ,’ म्हणायचे. तरी १९९१ मध्ये एका दुपारी, कुणास ठाऊक कसे, त्यांनी टेपरेकॉर्डर सुरू ठेवू दिला. एका बाजूला भीमपलासी, दुसऱ्या बाजूला मियाँमल्हार. उस्तादांना जाऊन आता वीस वर्षं उलटली. मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. ते जी तान घेत ती आज या कॅसेटवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

माझी पुतणी गाणं शिकते. तिच्यासाठी ही कॅसेट संगणकात उतरवायला घेतली. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये घातली आणि आवाजाची पट्टी लाल होणार नाही एवढीच पातळी ठेवली, कारण लाल झाला तो आवाज फाटतो आणि नंतर शिवता येत नाही. वाजवून पाहिलं तर उस्तादांचा सा चढलेला. ते आयुष्यभर काळी एकमध्ये गायले. इथे तो काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी. टेपरेकॉर्डरची मोटर जरा जलद फिरत होती. अशा वेळी पिच नव्हे, स्पीड दुरुस्त करावा लागतो, कारण यंत्रानं लय आणि पट्टी दोन्ही चढवलेल्या असतात. एका स्वरापासून लगतच्या पडद्यापर्यंत सुमारे ६ टक्क्यांचं अंतर. आम्ही साधारण ३ टक्के उतरवलं आणि सा आपल्या घरी आला.

मग पुतणीनं तानेचा तुकडा निवडला, टेम्पो ६० टक्क्यांवर आणला आणि तो पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावला. वहीत तिनं आधी ‘नी सा ग म प’ असं साधं लिहून ठेवलं होतं. अर्ध्या तासानं म्हणाली, ‘चाचा, यातला ग सुटा येतच नाही. म वरून घसरत येतो.’ ऐकलं तर खरंच तसं होतं. कोमल निषादाला षड्जाचा कण, कोमल गंधाराला मध्यमाचा. भीमपलासीत हे स्वर असे घ्यावेत हे पुस्तकात आहे. पण उस्ताद ते या वेगातही सोडत नव्हते, तानेच्या प्रत्येक चढणीला त्यांचा गंधार मध्यमाला शिवून येत होता. एकाच जागी कण नव्हता, जिथे समेकडे उतरायची घाई होती तिथे. तो कण काढून टाकला की तान पेटीवर वाजवल्यासारखी लागते. त्यांच्या तानेला जो ओलावा होता तो तिथून येत होता. ही गोष्ट उस्तादांनी आम्हाला कधी शब्दांत सांगितली नव्हती. बहुधा त्यांनाही ती वेगळी काढून सांगता आली नसती.

इथवर यंत्राचा विजय. पुढे अडलं. ६० टक्क्यांच्या मुद्रणाबरोबर गाऊन गाऊन पुतणीची तान ६० टक्क्यांवर चोख बसली आणि ८० वर जाऊन तुटायला लागली. कारण सरळ आहे. संगणक सगळंच सावकाश करतो, गमकेचा हेलकावाही, मींडही, श्वासाची जागाही. उस्तादांनी ६ सेकंदांत एका श्वासात घेतलेली तान १० सेकंदांत त्याच श्वासात गाणं म्हणजे छातीला शिक्षा. आणि सावकाश केलेली गमक गळ्याला वेगळीच हालचाल शिकवते, ती जलद लयीत उपयोगाची नाही. म्हणून माझं मत असं झालं आहे की मंद केलेलं मुद्रण ऐकण्यासाठी ठेवावं, त्याच्याबरोबर तासन्‌तास गाऊ नये. तुकडा कळला की यंत्र बंद करून, तानपुऱ्यावर, आपल्या श्वासाला झेपेल तिथे तोडून तो सावकाश घोटावा. मग मूळ मुद्रणाशी ताडून पाहताना पाच-पाच टक्के चढावं. पुतणी सध्या ९० वर आहे.

ताडून पाहण्यासाठी स्वतःचं गाणं मुद्रित करावं लागतं. तेही याच सॉफ्टवेअरमध्ये होतं. एका पट्ट्यात तानपुरा किंवा ठेका वाजत ठेवायचा, तो हेडफोननं ऐकायचा आणि आपला आवाज मायक्रोफोनमधून दुसऱ्या पट्ट्यात घ्यायचा. हेडफोन हवाच, नाहीतर तानपुराही मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि आपला सूर सुटा ऐकता येत नाही. आणखी एक काळजी. आवाज संगणकात जाऊन नोंदला जाईपर्यंत थोडा उशीर होतो आणि ऐकताना आपण सतत समेच्या मागे गायल्याचा भास होतो. म्हणून आधी ठेक्याबरोबर चार टाळ्या मुद्रित कराव्यात. टाळ्या मागे पडल्या असतील तर दोष यंत्राचा, आपला पट्टा तेवढा पुढे सरकवावा. टाळ्या बरोबर असूनही तान मागे पडत असेल तर मग रियाज करावा.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून बहुतेकांचं तोंड उतरतं. बोलताना-गाताना आपल्याला आपला आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडं त्याला भरीव करतात. मायक्रोफोनला हाडं नाहीत. आठवडाभरात त्याची सवय होते आणि मग खऱ्या गोष्टी ऐकू येऊ लागतात. तानेच्या शेवटी लय वाढते, तार षड्ज केसभर खाली राहतो, श्वास घेतल्याचा आवाज येतो. यंत्र यातलं काहीच बोलून दाखवत नाही. ‘थांब’ म्हणत नाही, ‘वाहवा’ म्हणत नाही. त्यासाठी माणूस समोर लागतो, आणि पुतणी आपलं मुद्रण दर आठवड्याला तिच्या बाईंना ऐकवते, ते त्यासाठीच.

संगणक नसला तरी अडत नाही. यूट्यूबवर सेटिंगमध्ये वेग पाव पटीपर्यंत खाली आणता येतो, पट्टी न हलता, आणि मोबाइलवरही अशी अ‍ॅप आहेत. मात्र घरातली जुनी कॅसेट असेल तर मूळ मुद्रण जसं उतरलं तसं, वेग-पट्टीला हात न लावता वेगळं ठेवावं आणि सगळी काटछाट त्याच्या नकलेवर करावी. ते मूळ मुद्रण एमपी३ ऐवजी वेव्ह फाइलमध्ये असावं. जागा जास्त खाते, पण आवाजातलं काही गाळत नाही. आणि हयात गुरूंचं गाणं टिपायचं असेल तर आधी विचारावं. नाही म्हणाले तर नाही.

आमच्या कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची राहिली आहे. मिरजेच्या पावसाळी हवेत फितीला बुरशी लवकर धरते, म्हणून मियाँमल्हारचं काम पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचं ठरवलं आहे.