काळ्या मातीतील चारचाकी : हौस, हिशेब आणि वाफसा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर मोठ्या अभिमानाने सांगतो. मात्र मृगाचा पाऊस पडून गेल्यावर जिंतूरच्या डोंगराळ भागात किंवा गंगाखेड-पालमच्या गोदाकाठी पांदण रस्त्यावर गाडी रुतली, की अभिमान बाजूला राहतो आणि ट्रॅक्टरची शोधाशोध सुरू होते. बेसॉल्ट खडकापासून झालेली ही काळी जमीन कापसाला जितकी मानवते, तितकीच चाकाला छळते. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसात ती टायरच्या खाचांत घट्ट भरून बसते. मग नवा टायरही गुळगुळीत लाटण्यासारखा जागीच फिरत राहतो.

सेलू, मानवत, जिंतूर येथील व्यापारी घराण्यांचा खेड्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. पूर्वी बैलगाडीने, नंतर जीपने आडतीचा माणूस गावोगाव पोहोचत असे. आता त्याच घरांतील तरुणांना चारही चाकांना ताकद देणारी छोटी गाडी हवी असते. गाडी दारात आली, की महिन्याभरात पुढची मागणी येते : मोठे टायर, वाढवलेली उंची, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची रांग. वडील विचारतात, “हे सारे कशासाठी?” आणि मुलाला वाटते, वडिलांना हौसच कळत नाही. या वादात दोघांच्याही बाजूने काही खरे आहे. ते हिशेबाने पाहिले, तर घरातील पैसा वाचतो आणि कदाचित जीवही.

मूळ गाडीची ताकद

स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि जीप हा शब्द मराठीत रुळला. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये ते १२९८ सीसीचे झाले. लष्करात आणि ताडोबासारख्या अभयारण्यांतील सफारीत तिने नाव कमावले. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. तिच्या घराण्यातील पाच दारांची जिम्नी २०२३ मध्ये बाजारात आली. दरम्यान २०१० मध्ये महिंद्राची थार आली होती आणि २०२० मध्ये तिचे नवे रूप आले. ही थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते.

या गाड्यांचे खरे बळ ट्रान्सफर केसमध्ये असते. ‘फोर-हाय’मध्ये पुढची-मागची चाके एकत्र ओढतात. ‘फोर-लो’मध्ये गती घटते आणि ओढ वाढते. तरीही एका मर्यादेचे भान हवे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अधांतरी गेले किंवा चिखलात घसरू लागले, की सारी ताकद त्याच चाकाकडे वाहून जाते आणि पक्क्या जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. त्यासाठी लॉकिंग डिफरन्शियल असते. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून हेच काम काही अंशी साधलेले आहे. नव्या गाडीत ही सोय आहे का, हे खरेदीपूर्वी पाहिले, तर पुढचे निम्मे बदल अनावश्यक ठरतात.

पहिला रुपया टायरवर

चिखलात जमिनीला टेकतात ते फक्त चार टायर. म्हणून खर्चाचा पहिला मान त्यांचा. खोल आणि रुंद खाचांचे टायर फिरताना माती बाहेर फेकतात. सडकेवर ते आवाज करतात, इंधन अधिक खातात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यास गाडी थोडी उशिरा थांबते. ज्याचा नव्वद टक्के प्रवास परभणी-नांदेड रस्त्यावर होतो, त्याने मधल्या प्रकारचे टायर घेणेच शहाणपणाचे.

मापाचा हिशेब सोपा आहे. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर बाजूची उंची. ती दोन्हीकडची धरून ३१२, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले, की टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर येतो. याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला, तर व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. म्हणजे गाडी वर उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, अवघी २० मिलिमीटर. व्यास मात्र जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो. परिणामी मीटर ताशी ६० किलोमीटर दाखवत असता गाडी प्रत्यक्षात साडेत्रेसष्टने धावते, इंजिनावर भार पडतो आणि ब्रेकला जड चाक आवरावे लागते. दोन सेंटिमीटरसाठी एवढी किंमत द्यावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उंची वाढवण्याचा मोह

दुसरा मोह स्प्रिंग बदलून गाडी उंच करण्याचा. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जिप्सी आणि जिम्नीला पुढे-मागे अखंड अॅक्सल असतो. स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, पण अॅक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. बैलगाडीच्या चाकोरीच्या मधला उंचवटा नेमका त्यालाच अडतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे. उंच गाडीचा गुरुत्वमध्य मात्र वर सरकतो आणि वळणावर ती कलंडण्याची भीती वाढते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे सांधे लवकर झिजतात.

याउलट पोटाखालचा संरक्षक पत्रा, पुढे-मागे चॅसीला पक्के बसवलेले ओढण्याचे हूक, चांगला पट्टा, फावडे आणि हवा भरण्याचा छोटा पंप या वस्तू दिसत नाहीत, पण वेळेला उपयोगी पडतात. चिखलात टायरची हवा थोडी कमी केली, तर त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. सडकेवर येताच ती पुन्हा भरली पाहिजे. गाडी ओढताना पट्टा ताणला जात असता कोणीही जवळ उभे राहू नये. तुटलेला पट्टा किंवा निसटलेला हूक गोळीसारखा येतो.

पाण्याचा हिशेब

सर्वांत महत्त्वाचा हिशेब पाण्याचा आहे. इंजिनाची हवा वरून घेणारी स्नॉर्केल नळी बसवली, की गाडी पुरातून जाईल असा समज असतो. ती नळी इंजिनात पाणी जाऊ देत नाही, हे खरे. पाणी दाबले जात नसल्याने ते सिलिंडरमध्ये गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. पण ती नळी गाडीला वाहून जाण्यापासून वाचवत नाही.

गाडीचा तळ साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ सव्वापाच चौरस मीटर होते. तळाच्या वर पाऊण फूट, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर पाणी चढले, की ते गाडीला सुमारे १२०० किलोच्या जोराने वर उचलते. जिम्नीचे वजनच जवळपास तेवढे आहे. आत पाणी शिरेपर्यंत ती जवळजवळ तरंगते. त्याच्या आधीच टायरची पकड सुटते आणि बाजूने येणारा लोंढा गाडीला पुलावरून ढकलतो. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगते, ती दुधना किंवा पूर्णेच्या वाहत्या पुरासाठी नव्हे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर कोणत्याही गाडीने थांबावे. गाडी जितकी सजवलेली, तितका चालकाचा आत्मविश्वास फाजील, हाच यातील खरा धोका.

कायदा, कर्ज आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. पादचाऱ्याला त्याने अधिक इजा होते आणि धडकेचा जोरही थेट चॅसीवर जातो.

गाडी कर्जावर असेल, तर आर.सी. पुस्तकावर बँकेचे नाव असते. गाडी ही बँकेचे तारण आहे, तिच्यात परस्पर बदल करू नये. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल, तर नुकसानभरपाई नाकारण्यास तिला आयते कारण मिळते. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात बिघडले, तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. लष्कराच्या लिलावातील जुनी जिप्सी घेणाऱ्याने आधी चॅसी क्रमांक आणि कागद जुळतात का ते पाहावे, मग रंगाचा विचार करावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते, हेही खर्चात धरावे.

वाफसा

पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच औत धरत नाही. जमिनीत वाफसा येण्याची तो वाट पाहतो. ओल्या जमिनीत औत घातले, तर ढेकळे होतात आणि बैलही थकतो. चाकालाही हाच नियम लागू आहे. भर पावसात दुसऱ्याच्या शेताचा बांध तुडवणे, गवतातील असंख्य जीव चिरडणे आणि त्याला साहस म्हणणे ज्या घरात चातुर्मासाचा अर्थ कळतो तेथे शोभत नाही. पावसाळ्यात साधू विहार थांबवतात तो याच ओल्या, जीवांनी भरलेल्या भूमीचा विचार करून.

म्हणून हौस करू नये असे नाही. मुलाने आपल्या शेतात, वाफसा आल्यावर, जाणत्याला शेजारी बसवून गाडी चालवावी. ‘फोर-लो’ कधी लावायचा आणि रुतल्यावर कसे निघायचे ते शिकावे. वडिलांनी टायर आणि ओढण्याच्या पट्ट्यासाठी पैसे आनंदाने द्यावेत, दिव्यांच्या रांगेसाठी नव्हे. जुना आडत व्यापारी ओढ्याला पूर आला, की बैल सोडून रात्र गावातच काढी. सकाळी उतार मिळे, सौदाही होई आणि माणूस घरी येई. गाडी बदलली, तरी हा शहाणपणा बदलण्याचे कारण नाही.